इनात आणि इनाद

जून २०२५ मध्ये उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली, त्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. आठवीचा वर्ग, इतिहासाचा तास. पुस्तके अजून सगळ्यांच्या हाती आली नव्हती, म्हणून सुट्टीत काय काय केले ते मी मुलांना विचारत होतो. कुणी मामूच्या गावी जाऊन आला होता, कुणी अब्बांच्या गॅरेजवर बसला होता. पण थोड्याच वेळात बोलणे मे महिन्यातल्या त्या चार दिवसांवर आले. ७ मे ते १० मे. भारत आणि पाकिस्तान यांच्यात क्षेपणास्त्रे, ड्रोन आणि तोफा चालल्या, ते दिवस. मुलांनी ते सगळे टीव्हीवर आणि मोबाइलवर पाहिले होते. कुणाची किती विमाने पडली याचा हिशेब ती क्रिकेटच्या धावफलकासारखा मांडत होती आणि आवाज चढत चालला होता. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक एरवी गप्प बसणारा मुलगा उभा राहिला.

"सर, जंग चालू रही तो इस्कूल रैता क्या?"

वर्ग हसला. याला सुट्टी हवी आहे, असे सगळ्यांना वाटले. मलाही आधी तसेच वाटले. पण त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. त्याला खरोखरच जाणून घ्यायचे होते. विमानांच्या गोष्टी सगळे सांगत होते; पण त्या दिवसांत दूध येते का, दुकान उघडते का, शाळा भरते का, हे त्याला कुणी सांगितलेच नव्हते.

मी म्हणालो, "रहता है. कभी कभी सीढ़ियों पर रहता है."

आणि मग राहिलेला तास मी त्यांना सारायेव्होची गोष्ट सांगितली. पण अर्धीच सांगितली. राहिलेली अर्धी गोष्ट मुलांना का सांगता आली नाही, याचा विचार तेव्हापासून माझ्या मनात आहे. हा लेख त्यासाठीच लिहायला घेतला आहे.

सारायेव्होविषयी मी प्रथम वाचले ते बी.एड. करताना. संकटकाळातील शिक्षणावर एक टिपण लिहायचे होते. तोवर बोस्निया म्हणजे आमच्या घरी 'जुल्म झालेले मुसलमान' एवढीच ओळख होती. १९९०च्या दशकात मशिदीत जुम्याच्या दुआमध्ये बोस्नियाचे नाव घेतले जाई, असे अब्बा सांगत. मी वाचत गेलो तसे कळले, की ती ओळख खोटी नव्हती, पण फार अपुरी होती.

बोस्निया-हर्झेगोव्हिना या देशाची राजधानी सारायेव्हो. मिल्यात्स्का नावाच्या लहानशा नदीच्या दोन्ही काठांवर, डोंगरांच्या खोलगट कुशीत वसलेले हे शहर. १९८४ मध्ये तिथे हिवाळी ऑलिंपिक झाले तेव्हा जगाने ते डोंगर बर्फाच्या खेळांसाठी पाहिले. आठ वर्षांनी त्याच डोंगरांवर तोफा चढल्या. युगोस्लाव्हिया फुटत होता. बोस्नियाने सार्वमत घेऊन स्वातंत्र्य जाहीर केले. बोस्नियातल्या सर्ब राष्ट्रवादी नेत्यांना ते मान्य नव्हते. एप्रिल १९९२ मध्ये शहराला वेढा पडला आणि तो २९ फेब्रुवारी १९९६ रोजी उठल्याचे जाहीर झाले. मोजून १,४२५ दिवस.

एवढे दिवस माणूस रोज रोज फक्त लढू शकत नाही. त्याला जगावे लागते. वीज, गॅस, पाणी तोडलेले. पाण्यासाठी लोक डबे, कॅन, लहान मुलांच्या गाड्या घेऊन शहरातल्या एका बियरच्या कारखान्याशी रांगा लावत, कारण त्याखाली जिवंत झरा होता. १२ जुलै १९९३ रोजी दोब्रिन्या नावाच्या वस्तीत पाण्याच्या अशाच एका रांगेवर तोफगोळा पडला आणि किमान बारा माणसे गेली. त्याआधी, २७ मे १९९२ रोजी, पावाच्या रांगेवर गोळे पडून वीसहून अधिक माणसे मेली होती. तरी दुसऱ्या दिवशी रांग लागतच असे, कारण तहान-भूक लागतच असे. बागांमधली झाडे चुलीसाठी तोडली गेली. झाडे संपल्यावर जुने बूट आणि पुस्तके जळली. चौकाचौकांत 'सावधान, नेमबाज' अशा पाट्या लागल्या. लोक चौक धावत ओलांडत, आणि पलीकडे पोचले की कपडे नीट करून पुन्हा चालू लागत.

याच काळात बायका ओठांना लाली लावून कामावर जात. कपभर पाण्यात पुरुष दाढी करत. 'ओस्लोबोजेन्ये' नावाचे दैनिक, ज्याचा अर्थ 'मुक्ती', त्याची उंच इमारत तोफांनी पार ढासळली. तळघरात बसून पत्रकारांनी ते वेढाभर काढले. कागद कमी पडला की पाने कमी, पण अंक निघे. ऑगस्ट १९९२ मध्ये राष्ट्रीय ग्रंथालय पेटवले गेले, लाखो पुस्तकांची राख शहरावर पडत राहिली. त्याआधी मे महिन्यात प्राच्यविद्या संस्था जळाली होती. अरबी, फारसी, तुर्की आणि अरबी लिपीत लिहिलेल्या बोस्नियन भाषेतली पाच हजारांहून जास्त हस्तलिखिते तिथे नष्ट झाली. उर्दू शिकवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला हे वाचताना घरातले कुणी गेल्यासारखे वाटते.

आणि शाळा? शाळेच्या इमारती वापरण्याजोग्या नव्हत्या. मग मोहल्ल्यामोहल्ल्यात तळघरांत आणि इमारतींच्या जिन्यांत वर्ग भरू लागले. एका पायरीवर दोन मुले, मधल्या मोकळ्या जागेत शिक्षिका. जिनाच का, तर त्याला दोन्ही बाजूंनी भिंती असतात. तरीही सगळे वाचले असे नाही. ९ नोव्हेंबर १९९३ रोजी अलिपाशिनो पोल्ये या वस्तीत असाच एक वर्ग चालू असताना तोफगोळा येऊन एक शिक्षिका आणि तीन विद्यार्थी मरण पावले. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो होतो. आम्ही शिक्षक पगाराबद्दल, शिक्षणाबाहेरच्या कामांबद्दल कुरकुर करतो. ती खोटी नसते. पण त्या बाई त्या दिवशी घरून निघताना कोणता धडा घ्यायचा ठरवून निघाल्या असतील, हा विचार मनातून जात नाही.

आता मुख्य प्रश्न. याला देशाभिमान म्हणायचे का?

आपल्याकडे देशाभिमान म्हटले की झेंडा, गीत, सीमेवरचा जवान आणि शत्रूला दिलेला दणका डोळ्यांपुढे येतो. यात वाईट काही नाही. पण पाण्याच्या रांगेतली बाई, जिन्यावरची शिक्षिका, तळघरातला जुळारी यांना त्यात जागा कुठे आहे? त्यांनी कुणाला मारले नाही, कसली घोषणा दिली नाही. मला वाटते, वेढ्यातला खरा अभिमान यांचाच होता. कारण शत्रूला केवळ माणसे मारायची नव्हती. माणसांनी माणसासारखे जगणे सोडावे, एकमेकांच्या अंगावर धावावे, असे त्याला हवे होते. हे लोक दाढी करत होते, रांगेत आपला नंबर पाळत होते, बाराखडी शिकवत होते. आणि त्यातून शत्रूला रोज नकार देत होते.

सारायेव्होच्या लोकांकडे या वृत्तीसाठी एक शब्द आहे. 'इनात'. कुणी दडपायला पाहिले की मुद्दाम ताठ उभे राहायचे, ही त्याची तऱ्हा. मराठीत आपण 'इरेला पेटणे' म्हणतो, त्याच्या जवळचा. शहरात या नावाचे एक घरही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रिया-हंगेरीच्या अमदानीत नदीकाठी मोठा नगरभवनाचा वाडा उभारायचा होता आणि एका म्हाताऱ्याचे घर मध्ये येत होते. तो हटेना. अखेर त्याचे घर वीट न् वीट उचलून नदीच्या पलीकडे जसेच्या तसे बांधून द्यावे लागले, अशी हकिकत सांगतात. आजही ते 'इनातचे घर' म्हणून ओळखले जाते, आणि समोर उभे आहे तेच नगरभवन, ज्यात पुढे ग्रंथालय आले आणि १९९२ मध्ये जळाले. युद्धानंतर २००७ मध्ये शहरात एक गमतीचे स्मारक उभे राहिले. मदत म्हणून आलेल्या डबाबंद गोमांसाच्या डब्याचा मोठा पुतळा, आणि खाली जागतिक समुदायाचे आभार! वेढ्यात जगाने खाऊ घातले, पण वेढा उठवायला वर्षानुवर्षे लावली, याची ती आठवण. हाही इनातच.

हा शब्द मी वाचला आणि उर्दू शिकवणाऱ्याचे कान टवकारले. कारण तो आपलाच शब्द आहे. मूळ अरबी 'इनाद'. तुर्कीतून तो बोस्नियात गेला, फारसीतून उर्दूत आला. पण उर्दूत त्याचा अर्थ काय? 'बुग्ज-ओ-इनाद' आपण म्हणतो. म्हणजे आकस, वैर, मनात धरलेला दावा. एकच शब्द, बोस्नियात त्याचा अर्थ न वाकणे आणि उर्दूत त्याचा अर्थ दुसऱ्याचे वाईट चिंतणे. भाषेने दोन्ही अर्थ एका शब्दात ठेवले, कारण माणसाच्या मनातही ते शेजारी शेजारीच राहतात. मधली भिंत फार पातळ असते. वेढ्याच्या काळात ती भिंत कुठे टिकली आणि कुठे पडली, हीच ती राहिलेली अर्धी गोष्ट.

आधी हे समजून घ्यायला हवे, की वेढ्यात अडकलेले शहर फक्त मुसलमानांचे नव्हते. युद्धापूर्वी तिथे निम्म्याच्या आसपास मुसलमान होते, साधारण तीन दशांश सर्ब, शिवाय क्रोएट, थोडे यहुदी, आणि स्वतःला नुसते 'युगोस्लाव्ह' म्हणवणारेही. वेढा पडल्यावर हजारो सर्ब शहरातच राहिले. डोंगरावरून येणारा गोळा खालच्या माणसाचे नाव विचारून पडत नसे. 'ओस्लोबोजेन्ये'च्या तळघरात सगळ्या जमातींचे पत्रकार होते. या शहरात साध्या, आपल्यातल्या माणसांना 'राया' म्हणतात. तो शब्दही आपल्या ओळखीचा निघतो. अरबीतून आलेली आपली 'रयत' तीच. राया म्हणजे गल्लीतली, चहाच्या टपरीवरची आपली माणसे. तिथे कुणाचा धर्म विचारत नाहीत.

या राया मंडळींतच एक लष्करी अधिकारी होते, योव्हान दिव्याक. जन्म बेलग्रेडचा, जमातीने सर्ब. वेढा पडला तेव्हा ते शहराच्या बाजूने उभे राहिले आणि बोस्नियाच्या सैन्याचे उपसेनापती झाले. पलीकडच्यांनी त्यांना गद्दार ठरवले. अलीकडच्यांनीही सुरुवातीला संशय घेतला, काही काळ अटकेत ठेवले. नाव सर्ब असल्यामुळे त्यांना दोन्हीकडे स्वतःला सिद्ध करावे लागले. वाचकहो, हा अनुभव आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

याच शहरात, याच वेढ्यात, काझानी नावाची जागा आहे. ट्रेबेविच डोंगराच्या उतारावरची एक खोल दरड. बोस्नियाच्या सैन्याच्या दहाव्या डोंगरी ब्रिगेडचा कमांडर मुशान टोपालोविच, ज्याला लोक 'त्सात्सो' म्हणत, त्याच्या हाताखालच्या माणसांनी शहरातल्या नागरिकांना घरांतून उचलले, काहींना खंदक खणायला नेले, आणि काहींना मारून त्या दरडीत टाकले. मारले गेलेले बहुतेक सर्ब होते, काही क्रोएट. सैनिक नव्हे, शेजारी. जी माणसे डोंगरावर न जाता आपल्या मुसलमान शेजाऱ्यांबरोबर त्याच पाण्याच्या रांगेत उभी होती, ती.

मी हे वाचले तेव्हा माझी पहिली प्रतिक्रिया प्रामाणिकपणे सांगतो. मला ते वाचायचे नव्हते. मनात आले, हे पलीकडच्यांनी पिकवलेले असेल. मग कळले, की याविषयी १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष आलिया इझेतबेगोविच यांना लिहिणाऱ्यांत खुद्द दिव्याक होते. युद्धानंतर १९९७ मध्ये 'दानी' या सारायेव्होच्याच नियतकालिकाने या प्रकरणातल्या जबान्या छापल्या. म्हणजे सांगणारे आतलेच होते, वेढा सोसलेलेच होते.

इथे काही लोक हात वर करतील. म्हणतील, एकीकडे हजारो माणसे मारणारे सैन्य आणि दुसरीकडे एका कमांडरची टोळी, दोन्ही एका तराजूत घालता काय? मी घालत नाही. घालणे अन्याय होईल. वेढ्यात मेलेल्यांच्या स्मरणार्थ ६ एप्रिल २०१२ रोजी शहराच्या मुख्य रस्त्यावर ११,५४१ लाल खुर्च्या रिकाम्या मांडल्या गेल्या. त्यांत ६४३ लहान खुर्च्या होत्या, मुलांच्या. जुलै १९९५ मध्ये स्रेब्रेनित्सात आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयांनी त्याला वंशसंहार म्हटले. वेढ्याचा एक सेनानी स्तानिस्लाव गालिच याला २००६ मध्ये जन्मठेप झाली. कुणी सुरू केले, कुणाचा बेत काय होता, कुणाचे किती मेले, यात शंका नाही. पण शेजाऱ्याचा गुन्हा मोठा म्हणून माझा गुन्हा माफ होतो, असे गणित मी आठवीच्या मुलाच्या वहीत चालवून घेत नाही. मग राष्ट्राच्या वहीत कसे चालवून घ्यायचे?

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे. जो त्सात्सो काझानीचा गुन्हेगार, तोच वेढ्याच्या पहिल्या महिन्यांत, सैन्य नीट उभे नसताना, शहर वाचवायला पुढे झालेल्यांपैकी होता. त्याच्या मोहल्ल्यात लोकांनी त्याला उगाच डोक्यावर घेतले नव्हते. त्याने ज्यांचे जीव वाचवले त्यांना तुम्ही काय सांगाल? या प्रश्नाला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण आपल्या दीनने एक भेद शिकवला आहे, तो इथे उपयोगी पडतो. अल्लाहचे हक्क वेगळे आणि बंद्यांचे हक्क, हुकूक-उल-इबाद, वेगळे. बंद्याचा हक्क मारला असेल तर माफी त्या बंद्याकडेच मागावी लागते. दरडीत पडलेल्या माणसाच्या वतीने ती माफी मोहल्ला देऊ शकत नाही, सैन्य देऊ शकत नाही, देशही देऊ शकत नाही. वाचवलेल्या जिवांचे आभार मानावेत, पण त्या पैशाने दुसऱ्याची उधारी फिटत नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा. युद्ध चालू असताना आपल्याच लोकांचे दोष काढायचे का? शत्रूला बळ मिळेल. याचे उत्तर सारायेव्होनेच दिले आहे. २६ ऑक्टोबर १९९३ रोजी, वेढा पुरा आवळलेला असताना, तिथल्या सरकारने आपल्याच त्या कमांडरवर पोलीस आणि सैनिक पाठवले. त्या कारवाईत सरकारी बाजूची माणसे मारली गेली. त्सात्सोही त्याच रात्री ठार झाला. पुढे त्याच्या काही साथीदारांवर खटले झाले, शिक्षा मात्र हलक्या झाल्या. अपुरे झाले, उशिरा झाले. पण झाले, आणि युद्ध चालू असताना झाले. त्याने शहर पडले नाही. उलट वेढा घालणाऱ्यांचा मुख्य दावा काय होता? ही माणसे एकत्र राहूच शकत नाहीत, हाच. जिन्यावरची शिक्षिका तो दावा रोज खोटा पाडत होती. काझानीत माणसे ढकलणारा तो खरा करून देत होता. म्हणून काझानी लपवणे म्हणजे देश वाचवणे नव्हे. ज्यासाठी वेढा सोसला, तेच शत्रूच्या हवाली करणे आहे.

हदीसच्या ग्रंथांत एक प्रसंग नोंदला आहे. आपल्या कौमवर प्रेम करणे ही असबियत आहे का, असे हुजूरांना (स.) विचारले गेले. उत्तराचा आशय असा, की नाही. आपल्या लोकांना त्यांच्या जुल्मात साथ देणे ही असबियत. माझ्या मते इनात आणि इनाद यांच्या मधली ती पातळ भिंत हीच. सूरह माइदाही एखाद्या जमातीच्या दुश्मनीपायी इन्साफ सोडू नका असे बजावते. आपण हे शेकडो वेळा ऐकले आहे. पण ऐकताना दर वेळी आपण स्वतःला जुल्म सोसणाऱ्याच्या जागी ठेवतो. सारायेव्होची गोष्ट वाचतानाही मी तेच केले होते. वेढ्यातला मुसलमान म्हणजे मी. काझानीने ते उलटे केले. कारण नीट पाहिले तर सारायेव्होत माझ्या जागी कोण होता? ज्याचे नाव ऐकताच लोक क्षणभर थांबतात, ज्याच्या घरातल्या दिव्यावर शंका घेतली जाते, तो. सारायेव्होतला मी, तिथला सर्ब होतो.

दिव्याची गोष्ट उगाच आली नाही. १९७१च्या युद्धात माझी अम्मी दहा वर्षांची होती, मुंबईत एका चाळीत राहत होती. रात्री ब्लॅकआउट असे. काचांना काळे कागद चिकटवलेले, रस्त्यावरून ओरडा यायचा, बत्ती बंद करा. एका रात्री धाकटा मामू तापाने फणफणला होता, म्हणून नानीने कंदील लावला आणि कागदाचा एक कोपरा सुटलेला होता. खाली चार माणसे जमली. वरच्या मजल्यावरून विमानांना इशारे चालले आहेत, असे कुणीतरी म्हणाले. नाना रात्रपाळीला गिरणीत होते. अम्मी सांगते, नानी दाराआड उभी राहून थरथरत होती. तेव्हा शेजारच्या मालवणच्या काकू जिन्यात येऊन उभ्या राहिल्या आणि खालच्या लोकांना म्हणाल्या, "कंदील माझा आहे. मी दिला आहे. पोराला ताप आहे. कुणाला वर यायचे असेल त्याने पाण्याची पट्टी घेऊन यावे." कंदील त्यांचा नव्हता. लोक गेले. पुढे नाना-नानी गेली, ती चाळही पडली, पण अम्मी आजही ईदला त्या घरी शीरखुर्मा पाठवते. आता काकूंच्या सुनेकडे.

त्या रात्री देशाचा अभिमान कुणी राखला? खाली ओरडणाऱ्यांना वाटत होते, आपण राखतो आहोत. माझ्या मते काकूंनी राखला. कारण ज्या देशात आजारी मुलाच्या उशाशी दिवा लावायला एका आईला भीती वाटते, त्याचा अभिमान कुणी कसा बाळगावा? युद्धातल्या राष्ट्राच्या अभिमानाची परीक्षा सीमेवर होते हे खरे. पण तीच परीक्षा जिन्यातही होते. आणि एक गोष्ट आपण आपल्यालाही विचारली पाहिजे. आपले लोक जिथे बहुसंख्य असतात, तिथे ही काकू होण्याची पाळी आपली असते. तेव्हा आपण जिन्यात उतरतो का?

सारायेव्होनेही ही परीक्षा एका दमात दिली नाही. १९९६ मध्ये त्सात्सोला हजारोंच्या उपस्थितीत शहिदांच्या कब्रस्तानात पुन्हा दफन केले गेले. काझानीवर फुले वाहायला राष्ट्राध्यक्षमंडळाचे सदस्य बाकिर इझेतबेगोविच गेले ते २०१६ मध्ये. ते आलियांचे पुत्र. नगरपालिकेने तिथे स्मारक उभारले ते २०२१ मध्ये. त्यावर मृतांची नावे आहेत. मारणारे कोण होते हे नाही, म्हणून त्यावर टीकाही झाली. दिव्याक ते स्मारक पाहायला उरले नाहीत. त्याच वर्षी एप्रिलमध्ये ते गेले. युद्धात पोरक्या झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी त्यांनी वेढा चालू असतानाच, १९९४ मध्ये, एक संस्था काढली होती. सर्ब सेनानी, आणि शिष्यवृत्ती सगळ्या जमातींच्या मुलांना. इनात म्हणावा तर याला.

देशाचे राष्ट्रगीत १९९९ मध्ये ठरले, पण त्याला आजवर अधिकृत शब्द नाहीत. नुसती धून वाजते. देशाच्या काही भागांत युद्ध संपून दोन दशके उलटल्यावरही एकाच इमारतीत दोन जमातींच्या दोन वेगळ्या शाळा भरत राहिल्या. वेढ्यात जी मुले एका जिन्यावर बसत, त्यांच्या मुलांसाठी शांततेत दोन दारे झाली.

त्या दिवशी वर्गात मी जिन्यापर्यंतच गोष्ट आणली होती. सगळे गप्प ऐकत होते, धावफलक विसरला गेला होता. घंटा व्हायच्या आधी तोच मुलगा पुन्हा उठला.

"सर, उस सीढ़ी पे सर्ब बच्चे भी थे क्या?"

मी म्हणालो, "हां बेटा, थे."

काझानीचे मी सांगितले नाही. तेरा वर्षांच्या मुलांना कसे सांगावे, हे मला कळले नाही. आधी अभिमान शिकवू, हिशेब मोठे झाल्यावर शिकवू, असे आम्ही शिक्षक स्वतःला समजावतो, आणि मुले दहावी होऊन निघून जातात. हीच मुले पुढच्या वर्षी नववीत येतील. तेव्हा गोष्टीचा राहिलेला भाग सांगायचा, असे मी ठरवले आहे. सुरुवात कुठून करायची तेही ठरले आहे. अम्मीच्या त्या कंदिलापासून.